बारावी नाही, तरी पदवी हवी : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत गावं वेगळी आहेत, अडचण जवळपास एकच आहे. शाळा मध्येच सुटली आणि आता पदवी हवी आहे. प्रवेशाचा दरवाजा कुठे आहे हे प्रत्येकाने विचारलंय, पण ती पदवी पुढे कुठे दाखवायची आहे हे फार थोड्यांनी लिहिलंय. आमची उत्तरं मात्र बरीचशी त्यावरच ठरतात.

प्रश्न : मी सातवी पास, वय ३४. केळीच्या गाड्या भरायच्या कामावर आहे. मुक्त विद्यापीठात दहावी-बारावी न करता थेट बी.ए. करता येतं म्हणतात. खरं आहे का? किती वर्षं लागतील?
— एक वाचक, सावदा

‘थेट’ नाही, मध्ये एक पायरी आहे. तिला पूर्वतयारी शिक्षणक्रम म्हणतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, आणि शाळा सुटलेल्यांसाठी ही वाट आपल्याकडे लोकांच्या ओळखीची झाली ती याच विद्यापीठामुळे. वय १८ पूर्ण हवं, वाचता-लिहिता यायला हवं. सहा महिने अभ्यास, परीक्षा, आणि मग त्याच विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष. दिल्लीच्या इग्नूचीही अशीच सोय आहे. तिथे सामान्य गणित, सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्य या तीन विषयांपैकी कोणतेही दोन घ्यायचे, प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. माध्यमाकडे मात्र लक्ष द्या. इग्नूची ही पुस्तकं कोणत्या भाषांत मिळतात ते आधी विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी एक काम कराच. ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षीची माहितीपुस्तिका उघडा आणि तुम्हाला हव्या त्या पदवीसमोरचा ‘पात्रता’ हा मजकूर शब्दन्‌शब्द वाचा. तिथे पूर्वतयारी उत्तीर्ण चालेल असं छापलेलं असेल तरच पुढे जा. शेजारच्याने चार वर्षांपूर्वी असाच प्रवेश घेतला होता, हा पुरावा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरशिक्षणाचे नियम मधल्या काळात बदलले आहेत.

आता या वाटेची किंमत. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ते प्रमाणपत्र ज्या विद्यापीठाचं, त्याच विद्यापीठाचं दार उघडतं. ते घेऊन जळगावच्या साध्या महाविद्यालयात एफ.वाय.ला गेलात तर खिडकीवरूनच परत पाठवतील. ज्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती त्या बहिणाबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला दिलंय, पण त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिरायला बारावीचं मार्कशीट लागतं.

दुसरी वाट लांबची. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी द्यायची. त्याला किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण असलं की पुरे, म्हणजे तुमची सातवी भरपूर झाली. दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर ठेवून तसाच सतरा नंबर भरून बारावी. मग पदवीची तीन वर्षं. हिशेब मांडा : दहावीचं एक वर्ष, बारावीपर्यंत दोन, पदवीची तीन, एकूण सहा. पूर्वतयारीच्या वाटेने साडेतीन ते चार.

तिसरा पर्याय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, लोक एनआयओएस म्हणतात ती. हे केंद्राचं मंडळ आहे आणि त्याची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरली जाते. ज्यांच्याकडे शाळेचा कुठलाच दाखला नाही त्यांना दहावीसाठी स्वयंघोषणा आणि जन्मतारखेचा पुरावा देऊन प्रवेश मिळतो. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, तर राज्य मंडळाला ३५. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. दहावी मराठी माध्यमातून देता येते.

या मंडळाकडे लोक वळतात ते बहुतेक गणिताला भिऊन, कारण इथे दहावीला गणित सक्तीचं नाही. त्याऐवजी गृहविज्ञानासारखा विषय घेता येतो. एवढ्याच कारणासाठी जाणार असाल तर थांबा. पुढे एखाद्या भरतीच्या जाहिरातीत ‘दहावी गणित व इंग्रजीसह’ असं आलं की तेच मार्कशीट तोकडं पडतं. आणि ‘एनआयओएसमधून एका वर्षात बारावी’ ही जाहिरात अर्धी खोटी आहे. दहावीनंतर एका वर्षात फार तर चार विषय देता येतात. पाचवा विषय, आणि त्यासोबत प्रमाणपत्र, दोन वर्षं झाल्यावरच मिळतं.

आमचं मत विचाराल तर तुमचं वय ३४ आहे, हातात वीसेक वर्षांची नोकरी शिल्लक आहे. सहा वर्षांची वाट धरा. दहावी झाली की ती एकटीही उपयोगी पडते, पूर्वतयारी एकटी कुठेच उपयोगी पडत नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी मदतनीस आहे. दहावी २००४ ची, माहेरच्या नावाने. आधार कार्ड सासरच्या नावाने. सेविकेला आता बारावी मागतात, आणि पुढे मुख्यसेविकेसाठी पदवी लागते. बारावी बाहेरून द्यायची तर कुठून सुरुवात करू? सायबरवाला म्हणतो, आधी राजपत्रात नाव बदला.
— एक वाचक, शिरपूर

ताई, सुरुवात कागदांच्या पिशवीपासून करा. दहावीचं मार्कशीट आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला हातात आहे का? दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत त्याच शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मिळते. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा, बंद शाळेचं दप्तर कुठे जमा झालं ते तिथे कळतं. हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच उरका. जूनमध्ये सगळ्या शाळांवर दाखल्यांची गर्दी असते.

सतरा नंबरची ऑनलाइन नोंदणी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणजे आपल्याकडे कानबाई बसवायच्या सुमारास. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. फॉर्म भरताना जवळचं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं. तिथे फॉर्मची प्रिंट आणि मूळ कागद द्यायचे.

केंद्र निवडताना लोक अंतर पाहतात आणि विषय विसरतात. तुम्ही घेणार ते विषय त्या महाविद्यालयात शिकवले जातात का, हे आधी विचारा. कला शाखेला इंग्रजी सक्तीचं, त्याच्यासह सहा विषय. नोकरी सांभाळून देणाऱ्याला इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे पाच बरे पडतात, सहावा सोयीने निवडा. भूगोल सोपा वाटतो म्हणून बरेच जण घेतात, पण त्याला प्रात्यक्षिक आहे. भाषांना ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी, इतर विषयांना प्रकल्प. खासगी विद्यार्थ्याला केंद्राकडून बोलावणं येईलच असं धरू नका, जानेवारीत स्वतः जाऊन तोंडीची तारीख विचारून या. इंग्रजीत गाडी अडते ती बहुधा इथेच. तोंडीला गेलं नाही की सगळा भार ८० गुणांच्या लेखीवर पडतो.

दुसरा खड्डा याहून मोठा. सतरा नंबर ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तो येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापूस वेचणीच्या धामधुमीत. नोंदणीची पावती जपून ठेवलेली, परीक्षेचा अर्ज राहून गेलेला आणि फेब्रुवारीत हॉल तिकीट नाही, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं. केंद्रातल्या लिपिकाचा फोन नंबर घेऊन ठेवा.

आता नावाचं. सायबरवाल्याचं ऐकून लगेच राजपत्राला पैसे घालू नका. मंडळाच्या फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच टाका, आडनाव आणि वडिलांचं नाव सगळं तसंच. बारावीचं मार्कशीट माहेरच्या नावाने येऊ द्या. दहावी एका नावाने आणि बारावी दुसऱ्या, असं झालं तर ते निस्तरायला पुढे फार धावपळ होते. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा, कारण दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवणारा पहिला कागद तोच.

अडचण येते ती नंतर, मुक्त विद्यापीठात पदवीला जाताना. २०२४-२५ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी लागतो. तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, आणि त्याच्या आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसी क्रमांक लागतो. एबीसी नाव उचलतो आधारवरून. आधारवर सासरचं नाव आणि मार्कशीटवर माहेरचं, की गाडी तिथे रुतते. त्या टप्प्यावर दोनच मार्ग : आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्यायचं, नाहीतर राजपत्रात नावबदल छापून तो कागद प्रत्येक अर्जाला जोडत राहायचं. तुमचा पगार ज्या बँक खात्यात येतो ते आधारला जोडलेलं असणार. त्यामुळे आधार बदलण्याआधी कार्यालयात विचारा, नाहीतर मानधन अडकेल. तुमच्या बाबतीत राजपत्र हाच मार्ग बरा ठरेल, पण तो बारावीनंतर.

प्रश्न : मी दहावी २०११ ला पास झालो. बारावी केली नाही. एका मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून बी.ए. झालो, ५८ टक्के. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी दिली, गुणही चांगले आले. पण कागदपत्रं तपासताना अपात्र ठरवलं. पदवी मान्यताप्राप्त आहे, मग अपात्र का? आता बारावी दिली तर चालेल का?
— एक वाचक, अमळनेर

पदवी खोटी नाही आणि विद्यापीठही खोटं नाही. अडलंय ते बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांत. त्यातल्या नियम ५ खाली एक स्पष्टीकरण आहे. मूळ शैक्षणिक पात्रता नसताना ज्यांनी मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवली, ते कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाहीत, असं ते म्हणतं. तुमच्या बी.ए.च्या खालची बारावीची वीट नाही, आणि तपासणाऱ्याने नेमकी तीच पाहिली.

याच नियमात दुसरं वाक्यही आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. दूरशिक्षणाने किंवा पत्रद्वारा रीतसर बारावी किंवा पदवी घेतलेले पात्र धरले जातात. म्हणजे आक्षेप ‘मुक्त’ या शब्दाला नाही. एनआयओएसची बारावी घेऊन मुक्त विद्यापीठाची बी.ए. केलेला मुलगा कायद्याला जाऊ शकतो. तुम्ही जाऊ शकत नाही, कारण तुमच्या वाटेत बारावीच नव्हती.

आता बारावी देऊन जुनी बी.ए. दुरुस्त होईल का? त्यावर भरवसा ठेवू नका. नियम पाहतो की पदवीला प्रवेश घेताना पाया होता का. नंतर मिळवलेली बारावी त्या प्रवेशाच्या मागे जाऊन बसत नाही. पण तीच बारावी नवं दार उघडते, पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाचं. तिथे पात्रता मोजली जाते ती बारावीच्या गुणांवर : खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. वयाची वरची अट आपल्या राज्याच्या सीईटीला नाही.

वर्षांचा हिशेब करू. तुमची दहावी २०११ ची, दोन वर्षांचं अंतर कधीच पुरं झालंय. यंदा सतरा नंबर भरला तर एका वर्षात बारावी. पुढे पाच वर्षांचा कायदा, एकूण सहा. दुसरी रीत म्हणजे बारावी, मग नव्याने बी.ए. तीन वर्षं, मग कायदा तीन वर्षं, एकूण सात, आणि बी.ए. दुसऱ्यांदा करायची ती वेगळी. पहिली रीत धरा. फक्त बारावीला ‘पास झालो म्हणजे झालं’ असं ३५ टक्क्यांवर समाधान मानू नका, तुमचा प्रवेश त्या टक्केवारीवर आहे. ३६ टक्क्यांची बारावी घेऊन पुन्हा त्याच खिडकीवरून परत यायची वेळ येईल.

झालेली बी.ए. फेकून देण्यासारखी नाही. त्याच विद्यापीठात एम.ए.ला जाता येईल. नोकरीच्या जाहिरातीत मात्र शब्द नीट वाचत चला. ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ एवढंच असेल तर अर्ज करा. ‘दहावी, बारावी व पदवी’ किंवा ‘१०+२+३’ असं असेल तर परीक्षा शुल्क भरण्याआधी त्या कार्यालयाला लेखी विचारा. पोलीस शिपाई भरतीसारख्या ठिकाणी अटच बारावीची आहे.

असा प्रकार घडतो कारण प्रवेश देणारं केंद्र प्रवेशापुरतं बोलतं. त्याची माहितीपुस्तिका त्याच्या विद्यापीठाची असते, बार कौन्सिलची नसते. विद्यार्थ्यानेही ‘पुढे काय’ हे विचारलेलं नसतं.

प्रश्न : भुसावळात एक जण जुन्या तारखेची डिग्री देतो, परीक्षा एकदाच, पेपर घरी. बाहेरच्या राज्यातलं विद्यापीठ आहे आणि ते खरंच यूजीसीच्या यादीत दिसतं. घ्यावी का?
— नाव नको

नाही. विद्यापीठ यादीत असणं आणि त्याला दूरशिक्षणाची परवानगी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परवानगीची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची असते, त्या-त्या वर्षाची आणि अभ्यासक्रमागणिक. दुसऱ्या राज्यातलं राज्य विद्यापीठ आपल्याकडे दूरशिक्षणाचं केंद्र चालवू शकत नाही. जुन्या तारखेची पदवी म्हणजे बनावट कागद, आणि नोकरीत असाल तर पडताळणीला तो पाठवला जातोच. मग बढती राहिली बाजूला, आहे ती नोकरी आणि पोलिसांत गुन्हा एवढंच उरतं. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा कायद्याची पदवी कुणी दूरशिक्षणाने देऊ करत असेल तर पुढे चौकशीही करू नका, या विषयांना दूरशिक्षणाची मुभाच नाही. असलाच प्रकार ‘दिल्ली बोर्डा’च्या नावाने चालणाऱ्या बारावीचा. मंडळाचं नाव भारतीय विश्वविद्यालय संघाच्या किंवा शालेय मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कॉब्सेच्या यादीत सापडलं नाही तर एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : दहावीनंतर धुळ्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलं. बारावी नाही. इंजिनीअर होता येईल का?
— एक वाचक, साक्री

होता येईल, आणि बारावीची गरजही नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशफेरीतून होतो. पदविका पूर्ण झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करायचा, पदविकेत ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के हवेत. म्हणजे पदविकेची दोन आणि पदवीची तीन, पाच वर्षं. तुमचा ट्रेड दोन वर्षांचा आहे म्हणून हे जमतं. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड असता तर जमलं नसतं.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षात एकदम पडल्यावर गणित जड जातं, कारण पहिल्या वर्षाचं गणित तुम्ही केलेलंच नसतं. प्रवेश पक्का होण्याआधीच्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तकं मिळवा आणि त्रिकोणमितीपासून सुरू करा. बी.ए.-बी.कॉम.कडे वळायचं असेल तर आयटीआयवाल्यांना राज्य मंडळाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता घेता येते, ती आधी घ्या.

प्रश्न : वडील सुरतेला कारखान्यात होते. माझी दहावी तिथे, महापालिकेच्या मराठी शाळेतून, गुजरात बोर्डाची. आता आम्ही नवापूरला आलो. महाराष्ट्रातून बारावी आणि मग बी.ए. करायची आहे. चालेल का?
— एक वाचक, नवापूर

चालेल. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, पण कागदांना ती सोय नाही. गुजरात बोर्डाकडून मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, आधी मागवा. बोर्डाच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो, गांधीनगरला खेटे घालायची गरज नाही. ते आणि मार्कशीट घेऊन नाशिक विभागीय मंडळाच्या पात्रता प्रमाणपत्राची प्रक्रिया संपर्क केंद्रामार्फत करा. हे सतरा नंबरच्या मुदतीआधी हातात हवं, म्हणून एप्रिलातच सुरू करा. मार्कशीटवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवून बघा. गुजराती वळणाने लिहिलेल्या आडनावात एखादं अक्षर कमी-जास्त झालेलं असू शकतं. चूक आधारमध्ये असेल तर आधार दुरुस्त करा, मार्कशीटमध्ये असेल तर दुरुस्तीचा अर्ज सुरतेच्या त्या शाळेमार्फतच जाईल.

एनआयओएसमधून बारावी केलीत तर मार्कशीटबरोबर त्यांचं मायग्रेशन प्रमाणपत्र येतं. ते मूळ जपा. पदवीला प्रवेश घेताना महाविद्यालय मूळ प्रतच ठेवून घेतं, तेव्हा त्याच्या चार झेरॉक्स आणि एक स्कॅन आधीच करून ठेवा.